दोन कॅन समुद्र आणि निघोज्याची खंडेनवमी

अलिबागहून एसटीने चिंचवडला जाणार असाल तर माझं एक ऐका. कपडे न्या, डबा न्या, हवं तर शेजारणीचं कार्टं न्या, पण बरोबर समुद्र नेऊ नका. कंडक्टर ऐकून घेत नाही.

मी नेला होता. सत्तरच्या दशकाची अखेर चालली होती तेव्हाची गोष्ट. भाचीने हा ब्लॉग काढून दिलाय आणि "मावशी, तुझ्या जुन्या ट्रिपा लिही ना" म्हणून माझं डोकं खाल्लंय, म्हणून लिहिते. ट्रिप कसली डोंबलाची! जीव मुठीत धरून केलेला प्रवास होता तो.

तेव्हा मी समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांवर संशोधन करत होते. दगडावरचं निसरडं शेवाळ नव्हे हो. डोळ्यांना दिसतही नाहीत अशा हिरव्या-तपकिरी पेशी, एका थेंबात शेकड्यांनी. मासळीच्या जेवणाची पहिली पंगत यांच्यावरच उठते. माझा प्रश्न साधा होता. ज्या अतिनील किरणांनी आपली कातडी रापते, ते पाण्याच्या वरच्या थरातल्या या बिचाऱ्यांचं काय करतात? थेंबात जी दहा जातींची वस्ती असते, त्यातलं कोण तग धरतं आणि कोण आटोपतं?

दोन वर्षं मी कॉलेजच्या गच्चीवर काचेच्या बाटल्यांत समुद्राचं पाणी भरून उन्हात ठेवत होते. निकाल शून्य. सगळी शैवालं ठणठणीत. मग एकदा वाचता वाचता कळलं, की उन्हातले सगळ्यात जहाल अतिनील किरण साधी काच आत सोडतच नाही! म्हणजे दोन वर्षं मी त्यांना छत्रीखाली बसवून विचारत होते, "काय गं, पाऊस लागतो का?" कपाळाला हात लावला.

माझे गाइड, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, ते मुळातच या विषयावर नाराज. "ऊन म्हणजे झाडांचं अन्न. अन्नाने कोणी मरतं का?" आता त्यांना आयतं निमित्त मिळालं. म्हणाले, "दिवाळीपर्यंत काहीतरी दाखव. नाहीतर विषय बदलू. सुक्या मासळीच्या खतावर एक छान विषय रिकामा आहे." तो विषय रिकामा का होता हे प्रयोगशाळेच्या जिन्यातसुद्धा कळायचं. आधीच्या मुलाने वासाने कॉलेज सोडलं होतं.

काचेला पर्याय एकच, क्वार्ट्झ. त्यातून अतिनील किरण आरपार जातात. पण क्वार्ट्झच्या नळ्या आणायच्या कुठून? कॉलेजकडे खडूला पैसे नव्हते. तेव्हा आठवला वसंतामामा. मामा भोसरीला एका लहानशा शेडमध्ये कामाला होता. तिथे धातूला मुलामा द्यायच्या, म्हणजे प्लेटिंगच्या टाक्यांतलं ॲसिड तापवायचे हीटर बनत, आणि त्या हीटरची बाहेरची नळी क्वार्ट्झची असे. मामाने मालकाला गळ घातली. मालक भला माणूस, पण नळ्या पडल्या परदेशी. तो म्हणाला, "चार दिवस ने. पण वसंता, नळ्या तुझ्या नजरेआड जाता कामा नयेत."

मामाकडे अलिबागला यायला पुरेल एवढी रजा नव्हती. मग काय, समुद्रालाच भोसरीकडे न्यायचं ठरलं. निघताना सरांनी आणखी एक पाचर मारली. "कारखान्यातल्या नळ्या आहेत. उद्या तुझी शैवालं मेली, तर उन्हाने मेली की नळीला चिकटलेल्या कसल्या ॲसिडने, हे कसं सांगशील?" मी म्हटलं, "घासून घासून धुईन." सर नुसते हसले. ते हसू मला पेणपर्यंत टोचत होतं.

सकाळच्या गाडीला दोन कॅन आणि मांडीवर मायक्रोस्कोपची लाकडी पेटी घेऊन बसले. कंडक्टर आला.

"कॅनमध्ये काय?"

"समुद्राचं पाणी."

"बाई, मी बावीस वर्षं या रूटवर आहे. ताडी आहे म्हणा, मी काही बोलत नाही."

मी झाकण उघडून पुढे केलं. त्याने बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि शांतपणे लगेजचं तिकीट फाडलं. मागच्या सीटवरच्या आजोबांनी "सागराचं तीर्थ का?" म्हणून ओंजळ पुढे केली. नको नको म्हणेस्तोवर त्यांनी थोडं घेऊन डोळ्यांना लावलं आणि खोपोलीपर्यंत डोळे चोळत बसले. खोपोलीला बटाटावडा खा, तेव्हाही झकास होता, आताही असतो. घाटात गाडी तापली म्हणून ड्रायव्हरने रेडिएटरसाठी पाणी मागितलं तेव्हा मात्र मी कॅनवर चक्क बसले. "खारं आहे, इंजिन सडेल!" असं ओरडले तेव्हा कुठे तो मागे फिरला.

चिंचवडला मामा स्टॉपवर उभा होता. बघताक्षणी म्हणाला, "शैले, अगं आख्खा किनारा आणलास की काय?"

दुसऱ्या दिवशी भोसरीच्या शेडवर गेलो. मालकाने सहा नळ्या गोधडीत गुंडाळून मामाच्या हातात दिल्या, लेक सासरी पाठवावी तशा. प्रयोग शेडच्या छपरावर करायचा विचार होता, पण शेजारी फाउंड्री. वर जाऊन उभे राहिले आणि दहा मिनिटांत माझ्या पांढऱ्या ओढणीवर काजळी धरली. असल्या आभाळाखाली कसले अतिनील किरण आणि कसलं काय! मामाने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चल निघोज्याला. तुझ्या मामीचं माहेर. तिथे आभाळाला धनी नाही."

मामाच्या दोस्ताची स्कूटर मागून घेतली. दोस्ताने ती कित्येक वर्षं नंबर लावून मिळवलेली, त्यामुळे देताना त्याचाही चेहरा सासरी पाठवण्याचाच. पुढे मामा, मधे गोधडीतल्या नळ्या, मागे मी, पायाशी एक कॅन आणि मांडीवर दुसरा. मायक्रोस्कोप आणि पत्र्याचा ट्रे मामाने चाकणच्या बाजाराला निघालेल्या टेम्पोत आधीच चढवला होता. मोशी गेलं, इंद्रायणीचा पूल आला, पुढे दोन्ही बाजूंना बाजरीची कापणी चाललेली. खड्डा आला की मामा ओरडायचा, "नळ्या धर!" माझं काय व्हायचं ते होवो, कोणी विचारलं नाही. आज याच रस्त्याने जाल तर चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत तास मोडेल, पाण्याची बाटली जवळ ठेवा. महाळुंगे-निघोजेच्या बाजूला आता कंपन्यांच्या भिंतीच भिंती. तेव्हा तिथे बांध होते आणि बांधावर बोरी.

मामीचा थोरला भाऊ म्हणजे तात्या, आणि त्यांची बायको हौसाकाकी. दोघंच घरात, आणि गोठ्यात एक म्हैस. तात्यांनी कॅनकडे बघितलं.

"ह्यात काय हाय?"

"समुद्राचं पाणी, तात्या. यात बारीक बारीक जीव आहेत. उन्हाने ते मरतात का, ते बघायचंय."

"उन्हानं पीक वाढतं का मरतं?"

"दोन्ही."

तात्यांनी मामाकडे पाहिलं. "वसंतराव, पोरगी शिकलेली हाय ना?"

काकींनी काही विचारलं नाही. नवरात्राचा उपास चालू होता त्यांचा, तरी आम्हाला पिठलं-भाकरी, ठेचा आणि चाकणचा कांदा बुक्कीने फोडून दिला. असा कांदा पुन्हा खाल्ला नाही.

दुसऱ्या सकाळी खळ्यावर, अगदी उघड्या आभाळाखाली, ट्रेमध्ये विहिरीचं गार पाणी भरलं. त्यात सहा क्वार्ट्झच्या नळ्या आणि मी आणलेल्या सहा काचेच्या, अशा तोंडाला बुचं लावून आडव्या ठेवल्या, अर्ध्या पाण्यात, पाठ उन्हाला. प्रत्येकीत एकच समुद्र. पाणी गार राहिलं पाहिजे म्हणून मी दर थोड्या वेळाने बादली ओतत दिवसभर तिथेच बसून. उन्हाने माझंच शैवाल व्हायची वेळ आली. मामाने तात्यांना सारखं बजावलं होतं, "या सहा नळ्यांना हात लावू नका, लई महाग आहेत. त्या दुसऱ्या साध्या, त्यांचं काही नाही."

संध्याकाळी मी पाणी प्यायला घरात गेले. तेवढ्यात म्हैस सुटली. तिला समोर गार पाण्याचा भरलेला ट्रे दिसला, आता तिची तरी काय चूक? ती पीत होती तोवर ठीक होतं. मी किंचाळले, ती दचकली आणि ट्रे उलटा. मामाने पिकलेल्या फळावर झेप घ्यावी तशी नळ्यांवर झेप घेतली, कोपरं सोलवटली, पण एकही नळी फुटली नाही. बुचं मात्र उडाली आणि आतला समुद्र निघोज्याच्या मातीत गेला.

"जाऊ द्या," तात्या म्हणाले, "हितं आता मीठ पिकंल."

मला हसू येईना. एकच कॅन उरला होता, म्हणजे एकच संधी. नाकात आत्तापासूनच सुक्या मासळीचा वास यायला लागला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पहाटे उठून नळ्या धुतल्या, शेवटचा समुद्र भरला, ट्रे मांडला, म्हशीला दोन दावी बांधली. आणि मामा म्हणाला, "शैले, कंपनीत चल. आज मला गेलंच पाहिजे, आणि मालकाला नळ्यांबद्दल तोंडाने सांगितलेलं बरं." नळ्या नजरेआड होत होत्या, पण मामा काकींना म्हणाला, "वहिनी, आता तुमची नजर तीच माझी नजर." बादल्या ओतायचं काम तात्यांनी घेतलं. मी नाइलाजाने गेले.

खंडेनवमीला भोसरी-चिंचवड बघावी, इतकंच सांगते. एरवी गेटवर वॉचमन कोणाला उभं करत नाही, त्या दिवशी बायकापोरांसकट सगळ्यांना आत वाट. मशिनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा, केळीचे खांब, उदबत्तीचा धूर. जो तो आपल्या बायकोला धरून आपल्या मशिनपाशी नेत होता. "हे बघ, यावर मी असतो." बायका नव्या लुगड्यात, मशिनला हळदीकुंकू वाहून नमस्कार करत होत्या. मामीही मामाच्या ड्रिलिंग मशिनला ओवाळत होती, आणि मामा असा ताठ उभा की जणू तिने त्यालाच ओवाळलं. पेढे खाल्ले, मालकाला "नळ्या सुखरूप" सांगितलं आणि परत निघालो.

तिन्हीसांजेला खळ्यावर पोचलो आणि बघते तर काय!

ट्रेच्या चारी बाजूंना रांगोळी. कडेला नांगर, कुळव, कोयता, विळे, तात्यांची सायकल, ऑइल इंजिन, सगळं ओळीने मांडलेलं, झेंडू घालून. आणि मधोमध माझ्या नळ्या. क्वार्ट्झच्या तीन नळ्यांच्या पाठीवर तेलात कालवलेली हळद, तळव्याने जाडजूड फासलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उरलेल्या तिघींना हळद पुरली नव्हती, म्हणून कुंकवाचं एकेक बोट. काचेच्या सहा तशाच कोऱ्या.

"काकी!" माझा आवाज फाटला. "हे काय केलंत हो? ऊन कसं शिरणार आता आत?"

काकी हातातलं तबक घेऊन उभ्या राहिल्या. "पूजा केली. आज खंडेनवमी न्हाई का?"

मी फडकं घेऊन पुढे झाले तर त्यांनी माझा हात धरला. "पोरी, पूजेतलं हत्यार उद्या दसरा झाल्याबिगर हलवायचं न्हाई. आमच्यात न्हाई चालत."

"अहो, पण माझं वर्ष जाईल! दोन वर्षं आधीच गेलीत!"

"शैले, हळू," मामा मधे पडला. "अगं, सकाळपासून हळद आहे. आता पुसून तू मिळवणार काय?"

ते खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला. मी बांधावर जाऊन बसले आणि मनसोक्त रडले. तात्या थोड्या वेळाने शेजारी येऊन बसले. हाताने एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, "म्हैस बरी म्हणायची."

दसऱ्याच्या दिवशी ऊन असं कडक पडलं की बस्स. मला ना उत्साह ना आशा. दुपारी तात्या शिलंगणाला जाऊन आले, आपट्याची पानं हातात ठेवली आणि म्हणाले, "घ्या सोनं. आता हलवा काय हलवायचं ते." मी ओसरीवर मायक्रोस्कोप मांडला. मामाला सांगितलं, "नुसतं बघून घेते. उद्याच्या गाडीने परत."

आधी काचेच्या नळ्यांतला थेंब. सगळी मंडळी हजर, नेहमीसारखी. मग कुंकू लावलेल्या क्वार्ट्झमधला. आणि मी दचकले. नाजूक गोल पेशी जवळजवळ गायब, ज्या होत्या त्या फिकट, फाटक्या. जाड कवचाच्या तेवढ्या उरलेल्या. दहा जणांच्या वस्तीत दोन घरांतच दिवा! पुन्हा थेंब घेतला, तिसरी नळी घेतली, तेच. माझी शैवालं उन्हाने मेली होती, आणि मला म्हणून जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

पण लगेच सरांचं हसू आठवलं. ॲसिड! नळीनेच मारली असतील तर?

आणि तेव्हा माझं लक्ष हळदीच्या नळ्यांकडे गेलं. थेंब घेतला, भिंगाला डोळा लावला. नाजूक मंडळी तिथे होती, हिरवीगार, काचेतल्यासारखी!

"मामा!" मी ओरडले. "नळ्या त्याच, कारखाना तोच, धुणं तेच. ज्यांना हळदीची सावली, त्या जगल्या. ॲसिड असतं तर याही मेल्या असत्या! आणि काचेत साधा उजेड पोचतोच ना? तिथेही जगल्या. म्हणजे मारलं कोणी? काच जे अडवते आणि हळदही अडवते, त्यानेच! अतिनील किरणांनीच!"

मामाला निम्मंच कळलं, पण तो उठून नाचला. तात्यांनी भिंगातून पाहिलं आणि ताडकन मागे सरले. "आयला, ह्ये तर चालतंय!" मग कोपऱ्यातल्या रिकाम्या कॅनकडे बघून म्हणाले, "म्हंजी कॅनातल्या पाण्याची मी चव घेतली व्हती, त्यात ह्ये सगळं..." त्या दिवशी दसऱ्याचं जेवण त्यांना गेलं नाही. पुरणपोळी होती, तरी.

मी काकींच्या पाया पडले. त्या गोंधळून गेल्या. "कालच्याला रडत व्हतीस, आज पाया पडतीस. बाई, शिकलेल्यांचं काय कळंना." मी विचारलं, "काकी, पण या नळ्यांची पूजा तुम्ही केलीत कशाला?" त्यांनी सांगितलं. मी पुन्हा एकदा पाया पडले.

दुसऱ्या दिवशी नळ्या मालकाकडे पोचत्या झाल्या. तेलकट पिवळी झाक गेली नव्हती, मालकाने नाकाला लावून पाहिलं आणि म्हणाला, "वसंता, हिला लोणच्याचा वास कसा?" मामाने जन्मात पहिल्यांदा ऐकू न आल्याचं नाटक केलं.

परतीच्या गाडीत रिकामे कॅन. कंडक्टर तोच. "विकली वाटतं सगळी," म्हणाला. मी वाद घातला नाही.

सरांसमोर सगळं मांडलं. आकडे मांडले, चित्रं मांडली, हळदही सांगितली, लपवते कशाला? सरांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. एकेक फट शोधत होते आणि एकेक बुजलेली निघत होती. शेवटी म्हणाले, "हळद लावायची कल्पना सुचली कशी तुला?"

"मला नाही सुचली. निघोज्याच्या हौसाकाकींनी पूजा केली."

"नळ्यांची? पूजा? कशाला?"

मग मी त्यांना काकींचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. "तुझे मामा मशीन पुजायला गेले, आमच्या ह्यांनी नांगर पुजला. तू आदल्या दिशी दिसभर उन्हात त्या नळ्यांपाशी बसलीस. मग त्ये तुझं हत्यार न्हाई का? तुझंच तेवढं बिनपुजेचं ठिवू व्हय?"

सरांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "परत जा. दिवाळीआधी जा. आणि त्यांना सांग, या वेळीही हळद निम्म्याच नळ्यांना."

गेले की! पुढे बाहेरदेशी चकचकीत फिल्टर वापरले, जहाजावरून समुद्र मोजला, मासळीच्या खतापासून जन्मभर वाचले. पण दोन वर्षं घरी, दारी, कॉलेजात जो भेटेल तो मला विचारायचा, "हे करतेस ते कशासाठी?" ज्या बाईने समुद्र कधी पाहिलाच नव्हता, तिने एवढंही विचारलं नाही. तिने माझं काम नांगराच्या रांगेत मांडलं आणि त्याला हळद लावली.